शनिवारी रात्री ठरलेली सहल

१/
अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. शनिवारची रात्र, जेवणे आटोपलेली. घरातले कोणीतरी म्हणते, ‘उद्या मुलांना घेऊन कुठेतरी जाऊया.’ मग तासभर खलबत चालते. मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, बोट किती वाजता, तिकीट केवढ्याला, डबा न्यायचा की तिथेच खायचे. आयत्या वेळी ठरणाऱ्या या सहलीलाही एक इतिहास आहे. त्याचा प्रारंभ कोणत्याही उद्यानात होत नाही. तो गिरणगावात होतो.

२/
अशा सहलीसाठी पैशाच्याही आधी लागतो तो मोकळा दिवस, आणि तोही घरातल्या सर्वांना एकदमच मिळणारा. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत गिरणी कामगाराला तो ठरलेला नव्हता. सण आला किंवा यंत्रांच्या सफाईसाठी गिरणी थांबली, तर तेवढीच उसंत. ‘उद्या सुट्टी आहे’ असे दर आठवड्याला खात्रीने म्हणता येणे ही श्रमिकांच्या घरात अपूर्वाईची गोष्ट होती.

३/
महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी ही त्यातली प्रमुख मागणी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. स्त्री कामगारही तिथे बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

४/
रविवारच का? गोऱ्या साहेबाचा तो चर्चचा दिवस, हे उत्तर अपुरे आहे. घाटावरून आलेल्या कामगारांसाठी रविवार हा खंडोबाचा वार होता, आणि चळवळीत हा मुद्दा मांडला गेला होता. आज उपनगरातली जी गर्दी रविवारी बोटीच्या रांगेत उभी असते, तिच्या हातातला दिवस अशा रीतीने मिळालेला आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात लोखंड्यांच्या वाट्याला दोन ओळींहून अधिक जागा मिळायला हरकत नसावी.

५/
दुसरी गरज वाहनाची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या दिशेने लोहमार्ग पोचला. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी गाडी धावू लागली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी परतणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले ते या गाड्यांमुळे.

६/
मौज अशी की त्या काळी उपनगर हीच सहल होती. मुंबईकर ‘हवापालटा’साठी साष्टीत येत. जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर धनिकांचे बंगले होते. १९२४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला राहिले, ते तिथल्या मोकळ्या हवेपायी. बोरिवली स्टेशनावर उतरून पायी वा बैलगाडीने कान्हेरीची लेणी गाठायची, शंभराहून अधिक लेण्यांपैकी पायांत बळ असेल तेवढी पाहायची, खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांजवळ शिदोरी सोडायची. असा दिवस ठरवायला आदल्या रात्रीचा अर्धा तास पुरे.

७/
खुद्द शहरातही फारशी जुळवाजुळव लागत नसे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये आले. मलबार हिलवर १९५२ मध्ये कमला नेहरू उद्यान झाले आणि त्यातल्या ‘म्हातारीच्या बुटा’ने पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या छायाचित्रांत जागा मिळवली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावेपर्यंत ट्रामचा प्रवास हाच मुलांना अर्ध्या सहलीसारखा वाटे. यांतल्या कोणत्याही ठिकाणी जागा अगोदर राखून ठेवावी लागत नव्हती.

८/
यंत्रावर बसून गरगरण्याची हौस होती ना? होती, आणि भरपूर होती. ती जत्रेत भागे. माहीमच्या बाबांचा उरूस, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा इथे पाळणे, चक्री, मौत का कुआँ लागत. लाकडी पाळणा माणसे हातांनी फिरवत. मात्र जत्रा वर्षातून एकदाच येई आणि ती वस्तीच्या दारात येई. कुटुंबाला पंचांगापलीकडे काही पाहावे लागत नसे. पुढे जे बदलले ते नेमके हेच. पाळणा एका जागी कायमचा रोवला गेला आणि माणसांना त्याच्याकडे जावे लागले.

९/
पाळणा रोवण्याची ही कल्पना युरोपातली. कोपनहेगनमधले तिव्होली १८४३ पासून चालू आहे. पण एका कल्पनेच्या धाग्यात सारे उद्यान ओवण्याचा आजचा प्रकार रूढ केला वॉल्ट डिस्नेने. शनिवारी मुलींना बागेत न्यायचे, त्या मेरी-गो-राउंडवर बसल्या की बाकावर शेंगदाणे खात वाट पाहायची, त्या कंटाळ्यातून ही कल्पना सुचल्याचे तो सांगे. मुलांसोबत आईबापांनाही रमता येईल अशी जागा हवी, हा त्याचा विचार. १७ जुलै १९५५ रोजी, रविवारीच, डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. बनावट तिकिटे घेऊन आलेल्यांनी त्या दिवशी फाटकावर एवढी दाटी केली की तिथल्या लोकांनी पुढे त्या दिवसाचे नावच ‘काळा रविवार’ पाडले.

१०/
भारतात हे लोण पोचायला आणखी तीस वर्षे लागली. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह होते अप्पू नावाचे हत्तीचे पिल्लू. त्याच्याच नावाने १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानाजवळ ‘अप्पू घर’ उघडले. देशातले पहिले मोठे मनोरंजन उद्यान म्हणून त्याची ओळख झाली. त्याच स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन घरात आले होते. या दोन गोष्टींचा मेळ पुढे मुंबईच्या वेशीवर बसला.

११/
तोवर उपनगरांचे रूप पालटून गेले होते. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये हद्दवाढ होऊन महानगरपालिका दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. वाड्या, भातशेते, मिठागरे यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हाच झाला. जिथे मुंबईकर हवापालटाला येत तिथे आता लाखोंचा संसार थाटला होता. आरे कॉलनीतले छोटा काश्मीर, राष्ट्रीय उद्यानातली ‘वनराणी’ गाडी, पवई तलावाचा काठ एवढेच हिरवे तुकडे हाताशी उरले. सहलीला उपनगराबाहेर सरकणे भाग होते.

१२/
ती सरकली ती पाण्यापलीकडे. १९८९ मध्ये गोराईला ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले. सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाचा तो प्रकल्प. झी टीव्हीचा जन्म अजून तीन वर्षे लांब होता (२ ऑक्टोबर १९९२). म्हणजे या उद्योगसमूहाने लोकांना घरात बसवून रमवण्याआधी त्यांना घराबाहेर काढून रमवण्याचा व्यवसाय केला होता.

१३/
गोराईचा नकाशा नीट पाहण्याजोगा आहे. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे धारावी बेटावरची. (ही धारावी वेगळी, माहीमजवळची नव्हे.) एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस गोराई-मनोरीची खाडी, उत्तरेस वसईची खाडी. खाडीचे मुख या बेटाच्या ताब्यात असल्यानेच १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजांना धारावीच्या ठाण्यासाठी पोर्तुगिजांशी झुंजावे लागले. गोराई कारभाराने मुंबईत, बोरिवलीच्या हद्दीत. पण जमिनीवरून जायचे तर शहर सोडून भाईंदरला जा, उत्तनमार्गे वळसा घाला आणि पुन्हा शहरात या.

१४/
म्हणून बहुतेकांसाठी वाट होती ती बोटीची. बोरिवली पश्चिमेहून बसने वा रिक्षाने गोराई खाडीचा धक्का, किंवा मालाडहून मार्वे. तिथून लाँच. खारफुटीच्या हिरव्या भिंती, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, सुकत घातलेल्या मासळीचा वास. जगातल्या फार थोड्या मनोरंजन उद्यानांना असे प्रवेशद्वार लाभले असेल. पुढच्या काळात कोणी या उद्यानाविषयी बोलू लागले की पाळण्यांच्याही आधी बोट निघते, हे काही उगाच नव्हे. सहलीतला पहिला पाळणा तोच होता, आणि त्याला यंत्राची घरघर कमी, लाटांची डुलकी जास्त होती.

१५/
दूरदर्शनवरच्या जाहिरातीने उरलेले काम केले. घरी परतायचेच नाही असा हट्ट धरणाऱ्या मुलाचे ते जिंगल नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीला अजून तोंडपाठ आहे. जाहिरातीच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे, कारण तिचा रोख पैसे देणाऱ्या बापाकडे नव्हता. बापाकडे हट्ट कसा करायचा, याची चाल तिने मुलांना लावून दिली. मध्यमवर्गीय मराठी घरात तोवर सहलीचे ठिकाण आजोबा किंवा वडील ठरवीत. आता ते पाच वर्षांचे पोर ठरवू लागले, आणि तेही रविवारी सकाळी.

१६/
मग सुरू होई रविवारचे गणित. त्याला चार तोंडे होती. पहिले, रेल्वे. लोखंड्यांनी मिळवून दिलेला सुट्टीचा दिवस रेल्वेलाही दुरुस्तीसाठी सोयीचा. म्हणून मेगाब्लॉक रविवारीच. जलद गाड्या धीम्या मार्गावर, काही रद्द, आणि डोक्यावर पंख्याखाली पाच माणसांचे कुटुंब पिशव्यांसह. घाटकोपर-मुलुंडच्या लोकांना तर दादरला मार्ग बदलून पुन्हा उत्तरेकडे यावे लागे. रेषेत मोजले तर बोरिवली मुलुंडपासून दूर नाही, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पण हा डोंगर ओलांडण्यासाठी दादरची दक्षिण-यात्रा घडे, किंवा ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जावे लागे.

१७/
दुसरे तोंड, बोट. जाताना ती सहल असे, येताना ती मर्यादा. सायंकाळी उद्यान बंद होण्याच्या सुमारास सगळे एकदमच धक्क्यावर येत. ‘आणखी एकदाच’ म्हणून ‘थंडर’ किंवा ‘झिपर डिपर’च्या रांगेत पुन्हा उभ्या राहिलेल्या पोराला ओढत आणणारे पालक, पायांतल्या वाळूसकट बोटीत चढणाऱ्या आज्या, मांडीवर झोपलेली धाकटी. आयत्या वेळी निघालेल्या सहलीला आरंभ कसाही चालतो. शेवट मात्र शेवटच्या बोटीने ठरवलेला असे.

१८/
तिसरे तोंड, डबा. वनभोजनाच्या परंपरेत शिदोरी हाच कार्यक्रमाचा गाभा. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचे लोणचे, तिखटामिठाच्या शंकरपाळ्या. नव्या उद्यानांनी या परंपरेवर घाव घातला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई हा अशा ठिकाणांचा सर्वसाधारण नियम झाला, कारण उत्पन्नाचा मोठा वाटा उपाहारगृहातून येतो. फाटकाबाहेर उभ्या उभ्या डबा संपवणारी कुटुंबे हे त्यानंतरचे दृश्य. या संघर्षावर कोणी प्रबंध लिहिलेला नसला तरी मराठी घरांतल्या सहलीच्या आठवणींत तो तिकिटाच्या दरापेक्षा ठळक आहे. आजीने पिशवीच्या तळाशी, टॉवेलाच्या घडीत लपवलेला लाडू ज्या घरात नाही असे घर विरळा.

१९/
चौथे तोंड, पैसा. जत्रेत पाळण्याचे चार आणे पाळण्यालाच द्यायचे. नको असेल तर नुसते पाहत फिरायचे. नव्या उद्यानांत फाटकावरच एकरकमी तिकीट, मग आत हवे तितके पाळणे. डिस्नेलँडनेही हा बदल १९८२ मध्ये केला. तोवर तिथे पाळण्यांच्या प्रतवारीनुसार कुपनांची पुस्तिका मिळे. एकरकमी तिकिटाचा एक परिणाम मुंबईत फार जाणवला. पाळण्यात कधीही न बसणाऱ्या आजीचेही तिकीट काढावे लागले. परिणामी आजी घरी राहू लागली. एकत्र कुटुंबाच्या सहलीतून एक पिढी कमी झाली ती कोणत्या वैचारिक स्थित्यंतराने नव्हे, फाटकावरच्या खिडकीने.

२०/
१९९८ मध्ये शेजारी ‘वॉटर किंगडम’ आले आणि सहलीचा पोशाखही बदलला. पाण्याचे उद्यान मुंबईला साजेसे होते. मे महिन्याचा घाम, शाळांच्या सुट्ट्या, आणि समुद्रकाठी राहूनही पोहता न येणारी बहुसंख्य जनता. कृत्रिम लाटांच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तिने समुद्राची भीती मोडली. नऊवारीतल्या बायका आणि नायलॉनचे भाड्याचे कपडे यांचा तिथे प्रथम सामना झाला.

२१/
पूर्व उपनगरांची सोय ठाण्याने केली. मानपाड्याजवळ, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी ‘टिकुजीनी वाडी’, आणि घोडबंदर रस्त्यावर ‘सूरज वॉटर पार्क’. मुलुंडच्या माणसाला ही ठिकाणे घराच्या अंगणात असल्यासारखी. जोगेश्वरी पूर्वेला, विक्रोळीकडे जाणाऱ्या जोडरस्त्यालगत ‘फँटसी लँड’ होते. अंधेरीकरांना तिथे बोटही नको आणि मेगाब्लॉकची चिंताही नको. दुपारी ठरवून दुपारीच जाता येईल असे ते एकमेव ठिकाण. तेच आधी नाहीसे झाले. जमिनीचा भाव आणि पाळण्याचे तिकीट यांची शर्यत अंधेरी-जोगेश्वरीत कोण जिंकणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

२२/
या कथेत एक पक्ष असा आहे जो सहलीला कधी आलाच नव्हता. तो तिथेच राहत होता. गोराई-मनोरीचे कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकरी, मिठागरांवर राबणारे लोक. त्यांच्यासाठी बोट म्हणजे बाजार, कॉलेज आणि बोरिवलीचे रुग्णालय. ज्या शेवटच्या बोटीची सहलीकरांना वर्षातून एकदा धाकधूक वाटे, तिच्यानंतर कोणी आजारी पडले तर काय, हा प्रश्न गोराईकरांना रोजचा होता. उद्यानाने काहींना रोजगार दिला, धक्क्यावर चहा-सरबताच्या टपऱ्या वाढल्या. पण बेटाची जमीन आपल्या हातून निसटेल ही धास्तीही त्याच बोटीने आणली.

२३/
२००६-०७च्या सुमारास ती धास्ती खरी होऊ पाहत होती. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यातल्या हजारो एकरांवर पर्यटन-मनोरंजनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव एस्सेल समूहाच्या उद्यान चालवणाऱ्या कंपनीकडूनच आला. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या, चर्चच्या अंगणात आणि मासळीच्या ओट्यांवर ही चर्चा पेटती ठेवली. तो प्रकल्प प्रत्यक्षात उतरला नाही. बेटावरची शेते आणि डोलीची जाळी टिकली, याचे श्रेय कोणत्याही पर्यटन धोरणापेक्षा त्या गावांना द्यावे लागेल.

२४/
त्याच परिसरात, सुभाष चंद्र यांनीच दिलेल्या जागेवर, ‘ग्लोबल विपश्यना पगोडा’ उभा राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खांबांविना उभा असलेला त्याचा प्रचंड दगडी घुमट आणि शेजारच्या पाळण्यांवरची किंकाळी, दोन्ही एकाच बोटीने गाठायची. आयत्या वेळी ठरलेल्या सहलीत एका घरातली दोन मते यामुळे मिटली. आजी-आजोबा पगोड्यात, बाकीचे पाण्यात. तिकिटाच्या खिडकीने घरी बसवलेली पिढी अशी मागच्या दाराने सहलीत परतली.

२५/
पुढची उडी लांबची होती. मनमोहन शेट्टी यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेली ‘अ‍ॅडलॅब्स’ ही चित्रपटांवर प्रक्रिया करणारी संस्था गोरेगावच्या चित्रनगरीतून नावारूपाला आली. त्यांनीच एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात ‘इमॅजिका’ उघडले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाशिवाय हे शक्यच नव्हते. उद्यान मोठे, पाळणे परदेशी तोडीचे, ‘नायट्रो’ नावाची उलटी-पालटी करणारी रोलर कोस्टर. पण बोरिवलीहून निघणाऱ्याला आता बोट नव्हती, गाडी लागत होती. स्वतःची किंवा भाड्याची.

२६/
इथे ‘आयत्या वेळी’ या शब्दाचा अर्थच बदलला. तिकीट संगणकावर, दर वारानुसार, शनिवार-रविवारी वेगळा. अगोदर काढणाऱ्याला सवलत, उशिरा जागे होणाऱ्याला पूर्ण किंमत. अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांनी २०१६ मध्ये गर्दीच्या दिवसांना चढा दर लावला, त्यामागचा हिशेबही हाच. तोवर आयत्या वेळी निघणे हा गरिबाचा आणि मध्यमवर्गाचा मार्ग होता. हातात पैसे आणि सुट्टी यांचा योग जुळला की निघायचे. आता तो महागाचा मार्ग ठरला. जो महिनाभर आधी सुट्टी सांगू शकतो त्याला स्वस्त, ज्याची पाळी शनिवारी संध्याकाळी कळते त्याला महाग.

२७/
उद्यानवाल्यांची अडचणही समजून घ्यावी लागेल. पाळणा रिकामा फिरो वा भरलेला, वीज, देखभाल, कर्मचारी आणि कर्जाचे व्याज तेच. आणि गिऱ्हाईक? मंगळवारी कोणी नाही, रविवारी सारे एकदम. १८९० मध्ये मिळालेल्या त्या एका दिवसात आठवड्याचे उत्पन्न काढायचे. त्यात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात अशा उद्यानांना २८ टक्क्यांचा टप्पा लागला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. इमॅजिकाच्या कंपनीने मार्च २०१५ मध्ये भागविक्री केली तेव्हा गुंतवणूकदार मिळवण्यासाठी किंमतपट्टा खाली आणून मुदत वाढवावी लागली होती. कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे सूत्रे गेली.

२८/
ज्यांना खोपोलीही दूर, त्यांच्यासाठी उद्यान छताखाली आले. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ मध्ये ‘किडझानिया’ उघडले. ही कल्पना १९९९ मधली, मेक्सिकोची. मुलांनी पायलट, डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान व्हायचे, काम करायचे, खोट्या चलनात पगार घ्यायचा. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीकरांनाही ते जवळ आले. लोखंड्यांच्या कामगारांनी रविवारी कामातून सुटका मागितली होती. सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात रविवारी काम करण्यासाठी मुलांचे तिकीट काढले जाऊ लागले. हा योगायोग विनोदी म्हणायचा की आणखी काही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

२९/
मार्च २०२०च्या टाळेबंदीत सारेच पाळणे थांबले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने राष्ट्रीय उद्यानातल्या वनराणीच्या रुळांचे नुकसान केले आणि ती गाडीही उभी राहिली. निर्बंध उठल्यावर वॉटर किंगडम पुन्हा गजबजले. शेजारच्या एस्सेलवर्ल्डचे फाटक मात्र पूर्वीसारखे उघडले नाही. ज्या जिंगलमधला मुलगा घरी जायला तयार नव्हता, तो आता चाळिशीच्या आसपासचा गृहस्थ आहे आणि शनिवारी रात्री मोबाइलवर दर पाहत बसतो.

३०/
गोराईच्या धक्क्यावर रविवारी सकाळी अजून रांग लागते. पगोड्याला जाणारे, पाण्यात खेळायला निघालेले, नुसता किनारा पाहायला आलेले. त्यांच्यात विकून रिकाम्या झालेल्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी असतात. त्यांना बोटीत बसायची जागा कुठली ते ठाऊक असते. बोटवाला माणसे मोजतो, दोर सोडतो. भरती असेल तर लाँच सरळ जाते, ओहोटी असेल तर खोल पाण्याच्या वाटेने थोडी वळून.